कार्डाची मागची बाजू

१

सहाशे बारा कार्डं भरदुपारी, जेवणाच्या सुट्टीत गायब झाली, आणि अर्ध्या तासाच्या आत सगळ्या कचेरीनं ठरवूनही टाकलं की चोर कार्डताईच. ही सोमवारची गोष्ट. प्रूफकाकू तेव्हा बहिणीकडे गेल्या होत्या. बुधवारी सकाळी त्या कामावर आल्या तर शिपाईमामांनी त्यांना जिन्यातच गाठून सगळं सांगितलं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बावीस वर्षं! बावीस वर्षं ती बाई त्या कार्डांना जीव लावून सांभाळतेय, आणि तीच चोर? कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं हे?"

"मालकांच्या," मामा कुजबुजले. "जरा हळू बोला, वर ऐकू जातं."

"जाऊ दे की! ऐकू जावं म्हणूनच बोलतेय."

कचेरीत एकच मोठं काम चाले, इंग्रजी शब्दांच्या छटांचा कोश. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' या तिन्हींना आपण 'बघणं' म्हणून मोकळे होतो. त्यांतला फरक नेमका काय, हे मराठीत समजावून सांगणारं पुस्तक. तीस वर्षांपूर्वी ते सरांनी सुरू केलं. पाच महिन्यांपूर्वी सर गेले, आणि आता कोश छपाईच्या उंबरठ्यावर होता. एका शब्दाला एक कार्ड, त्यावरच त्याचे जवळचे शब्दही; एका अक्षराला एक खण. 'डी'पर्यंतचे खण पानांत बसवून झाले होते. पुढचा 'ई', आणि नेमका तोच रिकामा सापडला.

काकू तडक कार्डांच्या खोलीत गेल्या. लोखंडी कपाटात सव्वीस खण, खिडकीजवळ टेबल, कोपऱ्यात सरांची वेताची खुर्ची. तिच्यावर कुणी बसत नसे, फक्त पुसत असत. कार्डताई टेबलाशी हातपाय गाळून बसली होती. समोर एक टाइप केलेला कागद होता.

"काय आहे ते?"

"राजीनामा," ती म्हणाली. "पाचपर्यंत सही करायला सांगितलीय. केली तर पोलीस नाहीत. नाही केली तर..."

"आणि तू बघत बसलीस? फाडून त्यांच्या तोंडावर फेकायचा होता!"

"काकू, मी चिडले तर तेसुद्धा पुरावा म्हणून धरतील."

ते खरंच होतं, म्हणून काकू आणखीच भडकल्या.

२

"आता रडायचं नंतर," काकू खुर्ची ओढून बसल्या. "आधी सगळं सांग. काही गाळू नकोस."

खणाला कुलूप असे आणि किल्ली कायम कार्डताईच्या गळ्यात. सोमवारी बाराला शेजारणीचा फोन आला, आई पलंगावरून पडली म्हणून. तिची आई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. ती होती तशी पिशवी उचलून धावली. किल्ली 'ई'च्या कुलपातच राहिली. दीड वाजता परत आली तर किल्ली जागेवर, खण जागेवर, आत एक कार्ड नाही.

"कुलूप मोडलेलं नाही, किल्ली माझी, आणि भरदुपारी पिशवी घेऊन बाहेर पडले तेही मीच. मालक म्हणाले, आणखी काय हवं?"

"पण तू का चोरशील? स्वतःचीच कार्डं?"

कार्डताई खाली बघू लागली. "मागच्या आठवड्यात मी मालकांकडे एक मागणं केलं होतं. म्हटलं, मुखपृष्ठावर सरांच्या नावाखाली माझंही नाव असावं. आता म्हणतात, नाव मिळेना म्हणून सूड उगवला."

काकूंनी तिच्याकडे बघितलं. सरांची नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. 'ई'पासून पुढची सगळी कार्डं हिच्या हातची, हे कचेरीतल्या भिंतींनाही ठाऊक होतं. पण बाहेरच्या माणसाला काय दिसणार? सरांनी सांगितलं आणि हिनं उतरवून घेतलं, एवढंच.

"मालक काय म्हणाले?"

"चिरंजीवांना विचारा म्हणाले. आता सगळे हक्क त्यांच्याकडे ना." चिरंजीव म्हणजे सरांचा मुलगा. "मी विचारलं. ते हसले. म्हणाले, ताई, लिहून घेणं वेगळं आणि लिहिणं वेगळं. तुम्ही लिहिलंत याला पुरावा काय?"

"मग?"

"मग मी सांगून टाकलं. दर खणात पहिलं एक कार्ड असतं ना, नुसतं अक्षराचं? ते तपासायला तुमच्याकडे येत नाही, खणातच राहतं. 'ई'च्या त्या कार्डावर सरांनी नजर जाताना शेवटचं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. इथून पुढे शोधणं, ठरवणं आणि लिहिणं हिचं आहे, मी फक्त ऐकणार. खाली सही."

काकू ताडकन उठल्या. "आणि हे तू त्याला सांगितलंस? कधी?"

"शुक्रवारी."

"शुक्रवारी सांगितलं आणि सोमवारी खण रिकामा! अगं, कोशातली शहाणी आणि जगात इतकी खुळी कशी गं तू?"

कार्डताईच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना स्वतःचाही राग आला. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग तोच हात टेबलावर आपटला.

"रडू नको. 'स्टील' आणि 'रॉब' यांतला फरक तूच लिहिलायस ना? 'स्टील' करतात ती वस्तू. 'रॉब' करतात तो माणूस. मालक बोंबलतायत की कार्डं चोरली. इथं बाई लुटलीय, आणि ते कुणाला दिसत नाहीये!"

३

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे, हे काकूंना कळत होतं. मालकांसमोर नुसता आरडाओरडा केला तर ते पंख्याचा वेग वाढवतील आणि म्हणतील, काकू, तुमचं ब्लडप्रेशर. म्हणून त्या आधी सेटरकडे गेल्या.

सेटर संगणकावर पानं लावायचा. कार्डताईशी त्याचं हाडवैर. तिचं अक्षर बारीक, त्याचे डोळे कमजोर, रोज खटके. गेल्या महिन्यात तर त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं होतं की एक दिवस ही सगळी कार्डं खिडकीतून भिरकावून देईन.

"भिरकावलीस का रे?" काकूंनी सरळच विचारलं.

"काकू, बोललो असेन रागात! म्हणून काय खरंच टाकेन? बाईचं डोकं चालतं तसं माझं चालत नाही, त्याचा हेवा वाटतो मला, खोटं कशाला बोलू? पण कार्डं गेली तर बोंब माझीच ना. पानं अडली की मालक पहिला माझाच गळा धरतात."

काकूंना ते पटलं. 'एन्व्ही' आणि 'जेलसी' यांवरून त्यांचा आणि कार्डताईचा एकदा तासभर वाद झाला होता. दुसऱ्याकडे आहे ते आपल्याकडे नाही, याची जळजळ म्हणजे 'एन्व्ही'. आपल्याकडे आहे ते दुसरा नेईल, याची धास्ती म्हणजे 'जेलसी'. सेटरला हेवा होता, पण त्याचं कुणी काही नेणार नव्हतं. ज्याचं काही जाणार होतं तो माणूस वेगळाच.

"मग पानं अडली का?"

"छे! हीच तर गंमत. चिरंजीवांनी वाचवलं. काल सकाळी चाळीस ताव आणून दिले, 'ई'चा पहिला अर्धा भाग. म्हणाले, बाबांची जुनी वही घरी सापडली, त्यांनी मला सांगून लिहून घेतलेली, त्यावरून उतरवलंय. उरलेला भाग आज-उद्या देतो म्हणाले. मालक तर त्यांच्या पायाच पडायचे बाकी होते."

"ताव कुठायत?"

सेटरनं टेबलावरच्या सळईकडे बोट दाखवलं. लावून झालेला प्रत्येक कागद तो तिला टोचून ठेवी. चाळीसच्या चाळीस ताव होते, चिरंजीवांच्या ऐसपैस अक्षरात.

"आणि प्रूफ?"

"तुमच्या टेबलावर. मालक म्हणाले, काकूंनी नजर टाकली की पाचला छपाईचा हुकूम."

काकू जाता जाता मामांपाशी थांबल्या. "मामा, सोमवारी बारा ते दीड कोण कोण होतं?"

"सेटर समोरच्या टपरीवर होता, मीच त्याला चहा नेऊन दिला. मालक केबिनमध्ये जेवून डुलकी काढत होते. चिरंजीव साडेबाराला आले, हातात काळी बॅग. पण ते केबिनमध्येच होते बुवा."

"तुम्ही बघत होतात?"

मामांनी कान खाजवला. "चहा न्यायला गेलो तेवढा वेळ नाही. पण ते कार्डांच्या खोलीत कशाला जातील? धुळीनं शिंका येतात त्यांना. सगळं आयुष्य गेलं, वडिलांच्या खोलीत त्यांनी पाय ठेवला नाही. सर गेले तेव्हासुद्धा दारातूनच परत फिरले."

४

काकूंनी दार लावलं, पेन्सिलीला टोक केलं आणि प्रूफ वाचायला घेतलं. पहिली दहा पानं वाचताना त्यांचा जबडा आवळत गेला. सगळं कार्डताईचं! वाक्यांची ठेवण तिची, विनोद तिचे. एका ठिकाणी 'ईगर' समजावताना 'पुरे म्हटल्यावरही वाढणारी मावशी' आली होती. ती मावशी काकूंची स्वतःची. पण ही पटण्याची गोष्ट झाली, दाखवण्याची नाही. चिरंजीव म्हणणार, बाबांनीच सांगितलं होतं, तिनं त्यांच्याकडूनच घेतलं. नऊ वर्षांत कोण काय बोललं ते आता कोण सांगणार?

घड्याळात तीन वाजले. बाहेर सेटरच्या खुर्चीची कुरकुर ऐकू येत होती. काकूंचे डोळे चुरचुरायला लागले आणि क्षणभर त्यांना वाटलं की हे आपल्या हातून होणार नाही.

सरांची एक शिस्त होती. कार्डावर खोडाखोड चालायची नाही. "खोडायचं नाही, उलटायचं," ते म्हणत. पास झालेलं उदाहरण कार्डाच्या पुढच्या बाजूला. नापास झालेलं मागच्या बाजूला, तेही स्वच्छ अक्षरात, कारण कोण जाणे, उद्या दुसरीकडे उपयोगी पडेल. कार्डाच्या पाठीवरचं काही छापायचं नाही, हे सर, कार्डताई आणि काकू या तिघांना श्वास घेण्याइतकं अंगवळणी पडलं होतं. कुठे लिहून ठेवलेलं मात्र नव्हतं.

चौदाव्या पानावर 'एम्प्टी' आणि 'व्हेकन्ट' होते. काकू वाचत गेल्या. दोन्हींचा अर्थ रिकामं. पण ज्यात काही नाही ते 'एम्प्टी', आणि ज्यात कुणीतरी यायचं आहे, जे भरण्याजोगं आहे, ते 'व्हेकन्ट'. खाली उदाहरणं. पहिलं डब्याचं. दुसरं भाड्याच्या खोलीचं.

तिसरं वाचलं आणि काकूंच्या हातातली पेन्सिल मोडली. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग त्या उठल्या, सेटरच्या सळईवरून नेमका तो ताव ओढून काढला आणि कार्डांच्या खोलीत जाऊन कार्डताईचा दंड धरला.

"चल वर. तो राजीनामा घे बरोबर."

"सही करू?"

"सही दुसऱ्याच कुणाची होणार आहे!"

५

केबिनमध्ये मालक होते आणि समोर चिरंजीव, पायाशी काळी बॅग. काकूंनी दार ठोठावलं नाही.

"काकू, पाच वाजायला अजून वेळ आहे," मालक म्हणाले.

"पुरेसा आहे. मला चिरंजीवांना तीनच गोष्टी विचारायच्यात."

"विचारा ना, काकू." चिरंजीव गोड हसले.

"हे ताव तुम्ही वडिलांच्या वहीवरून उतरवलेत?"

"शब्दन् शब्द. बाबांनी सांगितलेलं आहे, त्यात मी कानामात्रेचाही बदल केला नाही."

"कार्डांच्या खोलीत कधी गेलात?"

"कधीच नाही. मालकांना माहितीय, मला धूळ सहन होत नाही."

"आणि 'ई'चं एखादं कार्ड? कधी हातात घेतलंत, कुणी दाखवलं?"

"अहो, खणाला कुलूप असायचं. किल्ली यांच्या गळ्यात." त्यांनी कार्डताईकडे हनुवटी केली. "दुर्दैवानं."

"झालं," काकू म्हणाल्या. "मालक, चौदावं पान. तिसरं उदाहरण. मोठ्यानं वाचा."

मालकांनी चष्मा चढवला. "'द केन चेअर इज एम्प्टी, बट इट इज नॉट व्हेकन्ट.' वेताची खुर्ची रिकामी आहे, पण ती कुणी भरावी म्हणून रिकामी नाही." त्यांनी वर बघितलं. "चांगलं आहे की. हृद्य आहे."

"हृद्य आहे! कुठली वेताची खुर्ची, मालक?"

 मालकांची नजर सावकाश कार्डताईकडे गेली. ती पांढरीफटक पडली होती.

"सरांची," ती म्हणाली. "सर गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात लिहिलं होतं मी. खोलीत एकटीच होते."

"आणि मी ते नापास केलं!" काकूंचा आवाज चढला. "मी म्हटलं, बाई, हा कोश आहे, शोकसभा नाही. हिनं मुकाट्यानं ते कार्डाच्या मागच्या बाजूला टाकलं आणि खणाला कुलूप लावलं. हे वाक्य जगात एकाच ठिकाणी होतं, त्या कार्डाच्या पाठीवर. सेटरकडे 'ई' गेलाच नव्हता. माझ्याकडून कार्ड परत गेलं ते कुलपात. ते कुलूप उघडं राहिलं फक्त सोमवारी दुपारी. आणि मंगळवारी सकाळी तेच वाक्य या माणसाच्या अक्षरात कसं आलं? मेलेल्या माणसानं स्वतःच्या रिकाम्या खुर्चीवर उदाहरण सांगून लिहून घेतलं? सांगा ना, चिरंजीव! कुठल्या वहीत? कुठल्या तारखेला?"

चिरंजीवांची ततपप झाली. "असेल... म्हणजे बाबा कधीतरी... खुर्च्या काय, वेताच्या कितीतरी असतात..."

"बापाची खुर्ची ओळखता आली नाही तुला!" काकू 'तुम्ही'वरून कधी 'तू'वर आल्या, ते त्यांनाही कळलं नाही. "त्या खोलीत एकदा जरी शिरला असतास तरी हे वाक्य उतरवताना हात थरथरला असता. पाठ छापायची नसते एवढं जरी ठाऊक असतं तरी वाचला असतास. पण तुला त्या कामातलं ओ की ठो ठाऊक नाही, आणि मुखपृष्ठ हवंय तुला!"

"काकू, शांत व्हा," मालक म्हणाले. "पण सगळी कार्डं कशाला नेतील ते?"

"त्याला हवं होतं ते एकच, 'ई'पासूनचं काम हिचं आहे असं सरांनी सही करून लिहिलेलं. तेवढंच नेलं असतं तर बोट सरळ त्याच्याकडे गेलं असतं, कारण त्या एका कार्डाचं तिनं त्यालाच सांगितलं होतं. सगळा खण नेला की ती सुडानं पेटलेली बाई ठरते आणि हा तारणहार. आणि अजून अर्धा 'ई' उतरवायचा बाकी आहे, त्यामुळे कार्डं जाळूनही चालणार नाहीत. उरलेला भाग आज-उद्या देणार होतास ना? मग उघड ती बॅग."

चिरंजीवांचा पाय नकळत बॅगेवर गेला.  मामांनी, जे इतका वेळ दारात उभे होते, पुढे येऊन बॅग उचलली आणि टेबलावर ठेवली. चेन ओढली तर आत रबर लावलेले गठ्ठे होते, 'ई'च्या कार्डांचे.

पहिलं कार्ड कार्डताईनं काढलं. बापाचं शेवटचं अक्षर फाडायला चिरंजीवांचाही हात धजला नसावा. अक्षर वाकडंतिकडं, ओळी एकमेकींवर चढलेल्या, दिसेनासं झालेल्या माणसाच्या. मालकांनी ते वाचलं, सही बघितली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रकरण आपल्यातच मिटवू," ते पुटपुटले. "बाहेर बोभाटा नको."

"राजीनामा लिहिताना पोलिसांची धमकी होती, आणि आता बोभाटा नको?" काकू कडाडल्या. "वा रे न्याय!"

चिरंजीव उभे राहिले. तोंडावरचं हसू पार उतरलं होतं. "ताई, चुकलं माझं. माफ करा."

 कार्डताईनं गठ्ठा सोडला आणि पत्ते पिसावे तशी बोटं फिरवून एक कार्ड काढलं. आवाज काढला तेव्हा तो ठाम होता. बावीस वर्षांत त्या केबिनमध्ये तिचा असा आवाज पहिल्यांदाच ऐकू आला.

"मराठीत तुमचं बरं आहे. 'माफ करा' म्हटलं की सगळं त्यात बसतं. हे 'एक्सक्यूज'चं कार्ड. यावर तीन शब्द आहेत. चुकून कुणाच्या पायावर पाय पडला तर 'एक्सक्यूज'. तुमचा पाय चुकून पडला नव्हता. दुसरा 'पार्डन', तो ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं द्यायचा. तो मालक देतील, ते द्यायला बसलेच आहेत. तिसरा 'फर्गिव्ह'. तो फक्त ज्याला लागलंय त्यानंच द्यायचा असतो." तिनं कार्ड परत गठ्ठ्यात ठेवलं. "तो माझ्याकडे आहे. आणि मी तो देत नाही."

तिनं राजीनाम्याचे दोन तुकडे केले, कार्डांची बॅग उचलली आणि निघून गेली. मालकांनी छपाईचा हुकूम बाजूला सारला आणि मुखपृष्ठाचा कागद मागवला.

काकू खाली कार्डांच्या खोलीत आल्या तेव्हा कार्डताई खणात कार्डं लावत होती, एकेक, अक्षरवार.  काकूंनी गठ्ठ्यातून 'एम्प्टी'चं कार्ड ओढून काढलं, टेबलाशी बसल्या आणि नवी पेन्सिल घेतली.

"काय करताय, काकू?"

"माझी चूक दुरुस्त करतेय," काकू फणकारल्या. "ये, सांग. शब्दन् शब्द सांग."

आणि नापास केलेलं वाक्य त्यांनी स्वतःच्या हातानं कार्डाच्या पुढच्या बाजूला लिहून घेतलं.